सोळा दिवस चाललेली पेटी

टाचणी हे नाव तिला आत्यानं दिलं. पोर बारीक होती म्हणून नव्हे. चार वर्षांची असताना तिनं भर पाहुण्यांत आत्याला विचारलं होतं, "आत्या, फोनवर तर तू म्हणालीस पाय दुखतोय, येणार नाही. मग आता दुखत नाही का?" आत्यानं हसून वेळ मारून नेली, पण स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, "वहिनी, ही मुलगी नाही, टाचणी आहे. कितीही कागद एकावर एक ठेवा, आरपार जाते."

तेव्हापासून ती टाचणीच. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला पोचली तरी वर्गातल्या मुली तिला त्याच नावानं हाक मारायच्या.

बोलणं कमी, बघणं जास्त. अकरा वर्षांची असताना दाराची बेल आपोआप वाजायला लागली, तेव्हा बाबा माणूस बोलवायला निघाले. परत आले तर बेल उघडी, स्क्रू एका वाटीत ओळीनं मांडलेले आणि टाचणी स्टुलावर. "भिंतीला ओल आहे, बाबा. बेल नाही बिघडली, भिंत बिघडलीय." बाबा स्वतः प्लंबर. वीस वर्षं लोकांच्या घरची ओल शोधत फिरणारा माणूस. स्वतःच्या घरची ओल त्यांना मुलीनं दाखवली. हे ते पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना सांगायचे, आपलीच फजिती असून फुशारकीसारखी.

आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर जी चिकटली ती बावीस वर्षं तिथेच. आलेल्या रक्ताच्या कुपीवर लेबल लावायचं, नोंद करायची, पुढे पाठवायची. एकाचं लेबल दुसऱ्याच्या कुपीला लागलं तर काय होतं ते तिनं नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. त्यामुळे की मुळातच, पण तिचा स्वभाव धास्तीचा झाला. गॅस बंद केला का, कुलूप ओढून पाहिलं का, पोर पोचली का. बाबा म्हणायचे, "तुझ्या आईला काळजीचा पगार मिळाला असता ना, तर आपण आज बंगल्यात असतो."

टाचणीनं कॉम्प्युटर नेटवर्किंग घेतलं तेव्हा आईला ते नीट कळलं नव्हतं. संगणकांना एकमेकांशी बोलायला लावायचं, एवढं समजलं. बाबांना मात्र लगेच पटलं. "म्हणजे माझंच काम की! इथून तिथे न्यायचं, मध्ये गळती होऊ द्यायची नाही. फक्त तुझं ओलं होत नाही."

"बाबा, तुमचं पाणी एकाच दिशेनं जातं."

"तेच म्हणतोय मी. माझं सोपंय."

पण नुसत्या पदवीवर भागत नव्हतं. लॅब शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की पदवीनं दारापर्यंत पोचाल, आत जायला सर्टिफिकेट लागेल. हे सर्टिफिकेट यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं. त्याची परीक्षा विद्यापीठाची नाही, तिचं पुस्तक वेगळं, रीतही वेगळी. विषय तोच, पण दोन सासवांच्या हाताखाली नांदावं तसं. विद्यापीठाला पंधरा गुणांचं सविस्तर उत्तर हवं असायचं, माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात कुठल्या पायऱ्यांनी जाते, आकृतीसह. आणि सर्टिफिकेटवाले एक चित्र दाखवून विचारायचे, हे जाळं बंद पडलंय, सांगा का, दीड मिनिट आहे.

"इकडे सगळं सांगायचं आणि तिकडे एकच ओळखायचं," टाचणी म्हणायची. "माझं डोकं रोज संध्याकाळी उलटं करून झटकावं लागतं."

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एक डेटा सेंटर त्या वर्गातून आठ जण शिकाऊ म्हणून घेणार होतं. अट एकच: महिनाअखेरीला यादी जाईल तेव्हा हातात सर्टिफिकेट पाहिजे. नाहीतर पुढची यादी सहा महिन्यांनी, आणि तेव्हा खालचा अख्खा वर्ग रांगेत असणार. पहिल्या वर्षात असताना त्यांना ती जागा दाखवायला नेलं होतं. घरी आल्यावर टाचणी जेवलीसुद्धा नाही धड. थंडगार हॉल, माणूसभर उंचीची कपाटं, त्यांत हजारो यंत्रं आणि निळ्या तारा, विंचरून वेणी घातल्यासारख्या. "आई, तिथे एकही तार गुंतलेली नव्हती." एखादी मुलगी समुद्र पाहून आल्यावर सांगेल तसं ती ते सांगत होती. तीन वर्षं तिला दुसरं काही नको होतं. आईला हे माहीत होतं. म्हणून पुढे जे झालं ते आईला जास्त जड गेलं.

पेटी घरात आली ती त्या वर्षाच्या सुरुवातीला. मॅडमच्या लॅबमधलं जुनं यंत्र, टाकून द्यायला काढलेलं. टाचणीनं मागून घेतलं आणि पोटाशी धरून बसमधून आणलं. लोखंडी, चपटी, पुढे चोवीस भोकं, प्रत्येक भोकावर एक बारीक दिवा. बोळकंडीत चपलांच्या वर फळी होती, तिथे तिला जागा मिळाली. चालू केली आणि आतला पंखा असा घोंघावायला लागला की शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, पिठाची चक्की घेतली का.

बाबा मात्र खूश. "इतकी वर्षं या घरात घोरणारा मी एकटाच होतो. मला संगत झाली."

महिनाभर ती पेटी नुसत्या सरावाची होती. मग एका रविवारी टाचणीनं घरची इंटरनेटची लाइनच त्यातून नेली. दिवाणखान्यातल्या राउटरमधून तार पेटीत, पेटीतून दुसरी तार तिच्या खोलीतल्या लॅपटॉपला. आईनं विचारलं, कशाला उगीच चाललेलं हलवतेस?

"नुसता सराव म्हणजे पोहण्याचं पुस्तक वाचणं, आई. खरी लाइन यातून गेली की बिघडेल तेव्हा खरंच बिघडेल. मग शिकेन."

त्या पेटीला स्वतःचा वेळ ठाऊक असायचा. शेवटची सुरू केल्यापासून किती दिवस, किती तास, किती मिनिटं अखंड चालू आहे, हे एक ओळ टाइप करून विचारलं की ती सांगायची. टाचणीला त्याचं वेड लागलं. जेवायला बसली की आधी बातमी. "आज नऊ दिवस." "आज बारा." बाबा टाळी द्यायचे. आई म्हणायची, जेव. पण तिलाही आकडा ऐकल्याशिवाय घास गोड लागत नव्हता, कारण तेवढं एक वाक्य पोर हसून बोलायची. बाकी वेळ तिचं तोंड पुस्तकात आणि डोळ्यांखाली काळं.

दोन्ही परीक्षा एकाच आठवड्यात आल्या होत्या. मंगळवारी सर्टिफिकेट, गुरुवारी विद्यापीठाचा शेवटचा पेपर. टाचणीनं प्रश्नांच्या दीडशे चिठ्ठ्या केल्या होत्या आणि आई भाजी चिरता चिरता त्या वाचायची. तिला अर्थ कळायचा नाही, पण उत्तर मागे लिहिलेलं असायचं.

"जाळं बंद पडलं तर शोधायला सुरुवात कुठून करायची?"

"सगळ्यात खालून. आधी तार. त्याच्याही आधी वीज."

"बरोबर," आई म्हणायची आणि चिठ्ठी खाली ठेवायची. ती चिठ्ठी बहुधा तीन वेळा तिच्या हातात आली असेल.

परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपवर. कुठूनतरी दूरवरून एक पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून बघणार. टाचणीनं नियमांचा कागद दारावर चिकटवला होता. खोलीत दुसरं कुणी नको. खुर्ची सोडायची नाही. ओठ हलवायचे नाहीत. कॅमेऱ्याबाहेर बघायचं नाही. आजूबाजूला आवाज नको. संपर्क तुटला तर जागेवरच थांबायचं, पर्यवेक्षक पुन्हा जोडेल.

आईनं अर्धी रजा घेतली. बाबांना सकाळीच कामावर पिटाळलं, कारण ते खोकतात. बेलची तार काढली. काकूंना सांगून ठेवलं, आज दळण नको, म्हणजे हाक मारू नका. स्वयंपाकघरातला गळका नळ, जो प्लंबरच्याच घरात असतो, त्याखाली फडकं ठेवलं. टाचणी खोलीत जाताना म्हणाली, "सोळा दिवस." हसली नाही, पण म्हणाली. दार लागलं. दहा वाजले होते.

घर इतकं शांत झालं की आईला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. आणि त्या शांततेत एकच आवाज उरला. पेटीचा.

रोजचाच आवाज, पण त्या दिवशी तो वाढतच चाललाय असं वाटलं. घुंऽऽ. बोळकंडीतून थेट टाचणीच्या दाराशी. आई दाराला कान लावून उभी राहिली. आत ऐकू येत असणारच. पर्यवेक्षकाला ऐकू येत असेल. तो म्हणेल, मागे यंत्र कसलं चाललंय, बंद करा परीक्षा. आजूबाजूला आवाज नको, असं कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. पेटी सरावाची. सराव तर संपला. पोर घाईत बंद करायला विसरली असणार, लहानपणी दिवा विसरायची तशी.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी आईनं फळीमागे हात घालून पेटीचं बटण बंद केलं.

आवाज थांबला. काय बरं वाटलं तिला! अगदी दोन श्वासांपुरतं. मग तिला दिसलं की पेटीतून निघणारी निळी तार कडेकडेनं जाऊन टाचणीच्या दाराखालून आत शिरली होती. ती तार रोज झाडताना तिनं उचललेली होती. रोज.

तिनं बटण पुन्हा दाबलं. पंखा गरजला, पण दिवे लागेनात. एक दिवा लागला, केशरी. मग विझला. पेटी म्हाताऱ्या माणसासारखी उठायला वेळ घेत होती. आई फळीला धरून उभी. आत टाचणी ओरडेल, धावत बाहेर येईल, असं वाटत होतं. आतून काहीच आलं नाही. ते जास्त वाईट होतं. पाच मिनिटांनी एकेक करून सगळे दिवे हिरवे झाले. आईनं डोळे मिटले. जोडलं गेलं असेल. गेलंच असेल.

टाचणी बाहेर आली तेव्हा सव्वाअकरा होत होते. चेहरा कोरा.

"संपर्क तुटला. मी बसून राहिले, नियमाप्रमाणे. परत जोडला तेव्हा लिहून आलं होतं, परीक्षा बंद केलेली आहे." मग तिनं पेटीकडे पाहिलं. पेटी घोंघावत होती, दिवे हिरवेगार. "आई, वीज गेली होती का?"

एक शब्द. हो किंवा नाही, काहीही चाललं असतं, नंतर निस्तरता आलं असतं.

"माझ्या नाही लक्षात आलं गं," आई म्हणाली.

दुपारी मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज मोठा, त्यामुळे शेजारी बसलेल्या आईला सगळं ऐकू येत होतं. संपर्क का तुटला याचा खुलासा शुक्रवार संध्याकाळपर्यंत पाठवायचा. दोष इंटरनेट देणाऱ्यांचा असेल, तर मॅडम विद्यापीठाकडून लगेच दुसरी संधी मिळवून देतील, याच महिन्यात. दोष परीक्षार्थीच्या स्वतःच्या यंत्राचा असेल, तर संधी वापरली गेली असं धरणार, आणि पुन्हा बसायला पंधरा दिवस थांबावं लागणार. पंधरा दिवसांत यादी जाणार होती.

"तुझ्याकडचं काही बंद पडलं नव्हतं ना?" मॅडमनी विचारलं.

"बघून सांगते, मॅडम," टाचणी म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकला. "एवढंच ना? लाइन गेली होती म्हणून लिही. त्या इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसातल्या साहेबाच्या घरचे सगळे नळ मी बसवलेत. उद्या त्याच्याकडून चिठ्ठी आणतो. म्हणेल, हो, गेली होती लाइन. त्यांची जातेच की नेहमी!"

"बघू, बाबा."

"बघू काय? आणतो मी." मग मुलीला हसवावं म्हणून त्यांनी विचारलं, "बरं, तुझ्या त्या घोरणाऱ्याचे किती दिवस झाले आज?"

टाचणीनं घास तोंडात घातला. चावला. गिळला. "बघितलं नाही."

आईचा हात पाण्याच्या तांब्यावर थांबला. महिनाभरात पहिल्यांदा ते वाक्य जेवणात आलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं आईला वाटलं, हिला कळलंय. मग वाटलं, कसं कळेल? थकलीय पोर, इतकंच.

पुढचे दोन दिवस आईनं स्वतःशी जो वाद घातला, तो एखाद्या वकिलाला शोभला असता. मी सांगितलं तर तिला खरं लिहावं लागेल, ती टाचणी आहे, खोटं लिहिणार नाही. मी गप्प राहिले तर तिला माहीतच नसेल. ती मनापासून लिहील, की बहुतेक लाइन गेली. म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही. पोरीचं भलं झालं. माझ्या तोंडून शब्द निघणं म्हणजे तिच्या पायावर मी दुसऱ्यांदा धोंडा घालणं. हे सगळं इतकं बरोबर होतं की आईला त्यात खोट सापडेना. आणि तरी भात करपला, कुलूप न लावता ती कामाला गेली आणि गुरुवारी टाचणी पेपरला निघाली तेव्हा "नीट लिही" म्हणायचंच राहिलं.

शुक्रवारी लॅबमध्ये नव्यानं लागलेली मुलगी आईपाशी आली. हातात ट्रे, ओठ पांढरे. एक कुपी तिच्या हातून सांडली होती. एका आजींचं रक्त, मोठ्या मुश्किलीनं शीर सापडली होती. "ताई," ती कुजबुजली, "पुन्हा बोलावलं तर त्या चिडतील. आधीच्या अहवालावरून आकडे घातले तर? गेल्या महिन्याचेच तर आहेत. कुणाला कळणार आहे?"

आईनं नोंदवही तिच्यापुढे सरकवली. "लिही. नमुना सांडला. वेळ घाल. सही कर."

"ताई, पण त्या आजी..."

"आजी चिडतील. चिडू देत. चिडल्यानं कुणी मरत नाही. चुकीच्या आकड्यानं मरतं."

मुलीनं लिहिलं. आई तिच्या सहीकडे बघत राहिली. मग पर्स उचलली, साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, जे त्या क्षणी खरं होतं, आणि साडेतीनला घरी पोचली. बसमध्ये ती सगळं ठरवून बसली होती, कसं सुरू करायचं, कुठे रडू आवरायचं.

टाचणी जमिनीवर बसून तारा गुंडाळत होती.

"बाळा, मंगळवारी पेटी मी बंद केली होती," आई दारातूनच म्हणाली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

टाचणीनं वर पाहिलं नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. मी पेटीलाच विचारलं, किती वेळ चालू आहेस. सोळा दिवस सांगायला पाहिजे होतं. ती म्हणाली, एकोणतीस मिनिटं." तिनं तारेला गाठ मारली. "शेजारच्यांचे दिवे चालू होते. आपलं विजेवरचं घड्याळही बरोबर होतं. म्हणजे वीज गेली नव्हती. मग घरात उरलं कोण?"

आई खाली बसली. "मग तू बोलली का नाहीस गं?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

"आणि तो खुलासा? आज संध्याकाळपर्यंत..."

"बुधवारीच पाठवला. माझ्या यंत्राची वीज बंद झाली, असं लिहिलं. तुझं नाव नाही घातलं. घालायचं कारणच नाही. परीक्षेची लाइन सरावाच्या यंत्रातून कुणी नेतं का? पहिल्या वर्षातलं पोरही नेणार नाही. चूक माझी आहे." हे ती पंधरा गुणांचं उत्तर म्हणून दाखवावं तसं म्हणाली, एका सुरात. "मॅडमचं उत्तर आलंय. संधी वापरली गेली. यादीत मी नाही."

आईला वाटलं होतं, मुलगी भडकेल. ती तयारी तिनं केली होती. या सुटकेची केली नव्हती.

"असं नको करू," ती म्हणाली. "मला चार शब्द बोल. आत्याला बोललीस चार वर्षांची असताना, मला बोलायला तुला काय झालं?"

टाचणीच्या हातातली तार सुटली आणि सगळी वेटोळी जमिनीवर पसरली.

"काय बोलू? तीन वर्षं, आई! आणि मी आत बसून राहिले. चौदा मिनिटं. हलले नाही, ओठ हलवले नाहीत, उठून एकदा दार उघडलं असतं तर तू दिसली असतीस तिथे, पण नियम होता म्हणून मी बाहुलीसारखी बसले. आणि तू दाराच्या पलीकडे होतीस. तू पलीकडे होतीस आणि बाहेर आल्यावर म्हणालीस, लक्षात नाही आलं!" ती रडायला लागली, पण रडत रडत जे म्हणाली ते आईला अपेक्षित नव्हतं. "बंद केलीस त्याचं नाही मला एवढं. सांगितलं असतंस ना त्याच क्षणी, तर मी पर्यवेक्षकाला लिहिलं असतं लगेच. कदाचित पुन्हा जोडलं असतं त्यांनी. कदाचित. आता ते कदाचित डोक्यातून जात नाही माझ्या."

आईनं सांडलेली तार उचलली आणि गुंडाळायला लागली. चुकीची गुंडाळली. टाचणीनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि सरळ केली.

बाबांना रात्री कळलं तेव्हा ते आधी आईवर चिडले, मग त्यांनी स्वतः आणलेली चिठ्ठी बाहेर काढली. चिठ्ठी खरंच आणली होती, शिक्क्यासकट. ती त्यांनी खिशात परत घातली. "साहेबाचा एक नळ फुकट दुरुस्त करून आलो," ते म्हणाले, "तो आता गळू दे."

महिनाअखेरीला यादी गेली. आठ नावं. त्यांतल्या दोघींनी टाचणीच्याच चिठ्ठ्या वापरून अभ्यास केला होता.

पंधरा दिवस पुरे झाल्यावर टाचणी पुन्हा परीक्षेला बसली, या वेळी फी बाबांनी भरून. पेटी आधीच बंद करून फळीवर पालथी ठेवली होती. दिवाणखान्यातल्या राउटरमधून एकच लांब तार, सरळ, मध्ये काही नाही. आदल्या दिवशी आईनं लॅबमधून कोऱ्या लेबलांची गुंडाळी आणली आणि विचारलं, "लावू?" टाचणीनं नावं सांगितली आणि आईनं आपल्या बारीक, बावीस वर्षांच्या सवयीच्या अक्षरात लिहिली. राउटरची वीज. परीक्षेची तार, या टोकाला. परीक्षेची तार, त्या टोकाला. प्रत्येक बटणाला, प्रत्येक पिनेला. घर एखाद्या आजाऱ्यासारखं दिसायला लागलं.

"मी उद्या कामावर जाऊ का?" आईनं विचारलं. हे विचारायला तिला पूर्ण दिवस लागला होता.

"नको. राउटरसमोर बस. हा दिवा हिरवा म्हणजे ठीक. केशरी झाला तर घड्याळात वेळ बघ आणि कागदावर लिही. हात लावू नकोस."

"विझला तर?"

"तरी लिही. हात लावू नकोस."

दार लागलं. आई स्टुलावर बसली, कागद मांडीवर, पेन हातात. अर्ध्या तासानं दुसरा हात तिनं मांडीखाली दाबून ठेवला. दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी दिवा केशरी झाला. बटण हातभर अंतरावर होतं, तिच्याच अक्षरातलं लेबल त्यावर. तिनं लिहिलं: १०.४२, केशरी. लिहून होईपर्यंत हिरवा झाला. तिनं तेही लिहिलं.

पावणेबाराला दार उघडलं. टाचणी बाहेर आली आणि पहिल्यांदा तिनं विचारलं ते, "कशाला हात लावला नाहीस ना?"

"नाही." आईनं कागद पुढे केला. त्यावर दोनच ओळी होत्या.

टाचणीनं त्या वाचल्या. तो प्रश्न आईला टोचला होता, आणि यापुढेही टोचत राहणार हे तिला ठाऊक होतं. बरीच वर्षं, कदाचित. तिनं तो गिळला.

"पास झाले," टाचणी म्हणाली. "चांगल्या गुणांनी झाले." आणि मग, आईच्या चेहऱ्याकडे बघून, "सहा महिने काय, जातील."

ती बोळकंडीत गेली, पेटी फळीवर सुलटी केली, वीज जोडली. पण बटण दाबलं नाही. बाजूला सरकून उभी राहिली.

"कर ना चालू," आईकडे न बघता म्हणाली.

आईनं फळीमागे हात घातला. बटणावर लेबल नव्हतं, पेटी लेबलं लावायच्या आधीच बंद होती. तरी तिला बटण कुठे आहे ते आता आंधळेपणीही सापडलं असतं. पंखा गरजला. केशरी दिवा लागला, विझला. दोघी उभ्या राहिल्या आणि पेटीनं उठायला घ्यायचा तेवढा वेळ घेतला.

रात्री जेवताना बाबांनी भीत भीत विचारलं, "मग, किती झाले?"

"नऊ तास," टाचणी म्हणाली. "आईनं सुरू केल्यापासून."